दसऱ्याचं मीठ

नातीच्या कोपरावर रुपयाएवढा डाग उठला. वर पांढरे खवले, खाली लाल. मुलानं तिला परभणीला चामडीच्या डॉक्टराकडं नेलं, मीही गेलो. मला कुणी चला म्हणालं नव्हतं, पण गेलो. डॉक्टर तरुण होता. भिंग लावून त्यानं डाग पाहिला, सोरायसिस असं नाव सांगितलं आणि विचारलं, "घरात आधी कुणाला होतं का?" मुलगा म्हणाला, "नाही." सून म्हणाली, "आमच्या माहेरीही नाही."  मी उठून सदऱ्याची बाही वर केली आणि कोपर डॉक्टरापुढं धरलं.

मुलगा बघतच राहिला. मी भर वैशाखातही पूर्ण बाह्यांचा सदरा घालतो, हे त्याला आजवर म्हाताऱ्याचं खूळ वाटायचं.

डॉक्टर म्हणाला, "आजोबा, हा आजार मुळापासून जात नाही. दबतो. जपलं नाही की परत उठतो." हेच मी एकदा आधी ऐकलं होतं. निजामाच्या राज्यात, दुधनेच्या काठी, एका ओसरीवर. तेव्हा ते असं ऐकलं होतं: "हा मर्ज मरत न्हाई, पैलवान. निजतो. निजलेल्याला उठवू नको."

परतताना एसटीत नात म्हणाली, "आजोबा, तुम्हाला औषध कुणी दिलं होतं?" मी म्हणालो, "अप्पांनी." ती म्हणाली, "कोण अप्पा?" तिला सांगायला तोंड उघडलं आणि मला पुढं बोलता येईना. म्हणून लिहायला बसलो आहे. माझी शाळा दुसरीपर्यंत, तीही उर्दू. मराठी मी मेंढरांमागं फिरताना दुकानांच्या पाट्या वाचत शिकलो. अक्षर वाकडं आहे. पण लिहिलंय ते कुणी सरळ करायचं नाही.

गुरुलिंगअप्पा जातीनं जंगम, धंद्यानं वैद्य. आमच्या गावापासून त्यांचं गाव चार कोस. अंगानं वाळक्या शेंगेसारखे, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, खांद्यावर एक पंचा, आणि आवाज असा की गुरं बुजावीत. बायको लवकर गेली. लेक गौराक्का नवरा वारल्यावर परत माहेरी आली होती, ती घर बघायची आणि बापाच्या औषधांखाली जाळही तीच घालायची.

अप्पा नाडी शेवटी बघायचे. आधी जेवण विचारायचे. काल सांजच्याला काय खाल्लं, सकाळी काय, परवा काय, असं मागं मागं जात पंधरा दिवस मागं न्यायचे. माणूस घामाघूम व्हायचा. आणि ऐकलेलं ते विसरत नसत. वर्षानं रस्त्यात गाठ पडली तरी म्हणायचे, "कामून रे, पोळ्याला दहीभात हाणला व्हतास, त्याचं काय झालं पुढं?" पंचक्रोशीत लग्नाच्या पंगतीत अप्पा दिसले की निम्मे लोक आपली पानं झाकायचे. आमच्या गावचा सारा गोळा करणारा माली पटील, त्याच्या अंगाला खाज होती, अप्पांनी त्याचं आंबट बंद केलं होतं. एका लग्नात अप्पांना येताना बघून पटलानं कढीची वाटी धोतराखाली सरकवली. अप्पा समोर येऊन उभे राहिले, गप्पा मारल्या, रामराम घातला आणि जाता जाता म्हणाले, "पटील, उठू नका इतक्यात. धोतर पिवळं झालंय, वाळू द्या." पंगत हसून लोळली. दुसऱ्या दिवशी पटील स्वतःच्या पायांनी चार कोस चालत काढा न्यायला गेला.

काढा देताना आधी स्वतः घोटभर पिऊन बघायचे. तोंड वाकडं करायचे, डोळे मिटायचे, मग म्हणायचे, "झकास झालाय, घे."

मी त्यांच्याकडं गेलो तो कुस्तीपायी. आम्ही हटकर, मेंढरं पाळणारे. पण मी मेंढरांत कमी आणि तालमीत जास्त. वीस-एकवीस वय, जिद्दी, आणि आपल्यासारखा कुणी न्हाई ही घमेंड. त्या साली कोपरांवर, गुडघ्यांवर आणि पाठीवर डाग उठले. खवले गळायचे, अंथरूण झटकलं की भुसा पडावा तसे. पाथरीकडच्या एका चैत्री जत्रेत मी लंगोट लावून हौद्यात उतरलो. समोर हणमंता नावाचा पैलवान. सलामीला मी हात पुढं केला. त्यानं माझं कोपर पाहिलं, हात मागं घेतला आणि पंचाला म्हणाला, "याला महारोग हाय. मी न्हाई धरत." हजार-दीड हजार माणूस होतं. कुणीतरी मागून माझा सदरा माझ्या अंगावर फेकला, झाकून घे म्हणून.

त्यानंतर न्हावी गावाबाहेर हजामत करायला लागला. पंगतीत माझं पान वेगळं, खांबापाशी. माझ्या लग्नाची बोलणी चालली होती, तिकडून माणूस यायचा थांबला.  आई घोंगडं विणत बसायची, आणि तिच्या मागाचा आवाज मला दिवसभर ऐकू यायचा.

शेवटी वडिलांनी मला अप्पांकडं नेलं. मी तोंड पाडून ओसरीखाली उभा राहिलो. वर चढायची मला आता सवय राहिली नव्हती.

अप्पा म्हणाले, "वर ये. तिथून तुझं कोपर दिसत न्हाई मला, म्हातारा झालो."

त्यांनी मला उन्हात बसवलं, डोळे पंच्यानं बांधले. मग एका डागाला मोराचं पीस लावायचे, एकाला बाभळीचा काटा, एकाला गार पाण्याचं बोट. "आता काय लावलं? कुठं लावलं?" मी सांगत गेलो. एकही चुकलं न्हाई. मग नखानं एका डागावरचा खवला हळूच काढला, खाली रक्ताचे बारीक ठिपके आले. त्यांनी पंचा सोडला.

"महारोगाच्या डागाला काटा कळत न्हाई," ते वडिलांना म्हणाले. "तुमच्या पोराच्या डागाला पीस सुदा कळायलंय. हे दुसरं हाय. आमच्या पोथीत याला किटिभ म्हन्तेत. याच्यानं मरत न्हाई मानूस आन् दुसऱ्यालाबी होत न्हाई."

वडील म्हणाले, "मग औषध द्या, अप्पा."

"आत्ता न्हाई. पाऊस सरू द्या. दसऱ्याला या."

मी चिडलो. मला पुढच्याच जत्रेत उतरायचं होतं. मी म्हणालो, "औषधाला कशाला मुहूर्त लागतो? ते काय लगीन हाय?"

अप्पा हसले. "तुझ्या अंगात जे घुसलंय ते पावसात हलवलं तर वर यायचं सोडून खोल जाईल. शरदात रक्त आपसुक तापतं, तवा काढलं तर निघतं. मेंढराची लोकर तू आखाडात कातरतोस का रे?" 

दसऱ्याच्या दिवशी मी आपट्याचं पान घेऊन त्यांच्या दारात गेलो. त्यांनी पान घेतलं आणि समोर बसवून पथ्य सांगितलं: वर्षभर मीठ न्हाई, दही न्हाई, गूळ, तीळ, उडीद न्हाई, मटण न्हाई, आणि कोणत्याही खारट-आंबटाबरोबर दूध तर अजिबात न्हाई. जुन्या ज्वारीची भाकर, मुगाचं वरण, पडवळ, कारलं, तरोट्याची भाजी. सगळं अळणी.

मी म्हणालो, "अप्पा, बिनमिठाचं वर्षभर? मी पैलवान मानूस."

"म्हनूनच सांगायलोय. कुस्तीत दम लागतो तसा यातबी लागतो." मग आत तोंड करून ओरडले, "गौरे, आजपासून माझ्या भाकरीत, भाजीत मीठ घालू नको."

गौराक्का दारात आली. "तुमाला कशापायी?"

"मी खातो ते याला खाऊ नको म्हनायला मला लाज वाटती."

ती माझ्याकडं वळली. "बगा पैलवान. तुमच्यापायी आमच्या म्हाताऱ्याची भाकर अळणी झाली. ध्यान ठिवा."

अप्पा म्हणाले, "पुढच्या दसऱ्याला इथंच ये. आपन दोघं एका ताटात मीठ-भाकर खाऊ. तू पहिला घास घे, मग मी घेईन. तवर मलाबी मीठ न्हाई. कबूल?"

मी म्हणालो, "कबूल." माझ्या तोंडून तो शब्द निघाला हे मला आजही जसंच्या तसं आठवतं. कुणी बळजबरी केली नव्हती.

महिनाभर मी त्यांच्या ओसरीवरच राहिलो. पाच कडू पाल्यांत शिजवलेलं तूप रोज सकाळी प्यायचं, पहिल्या दिवशी वाटीभर तर पुढं रोज वाढत. लिंब, गुळवेल, अडुळसा, कडू पडवळ, रिंगणी, नावं गौराक्का सांगायची. सहाव्या-सातव्या दिवशी घामालाही तुपाचा वास यायला लागला. मग तेल चोळून वाफ दिली आणि एका सकाळी निशोत्तराचा रेचक दिला. मी स्वतःला गडी समजत होतो. त्या दिवशी मी अठरा वेळा लोटा उचलला. अप्पा ओसरीवर बसून खडे मांडत होते. संध्याकाळी म्हणाले, "अठरा! हणमंताला चीत करायलाबी एवढ्या फेऱ्या माराव्या लागल्या नसत्या." मी आडवा पडूनच हसलो. मग दोन दिवस पातळ पेज, मग घट्ट, मग मऊ भात, असं लेकराला शिकवावं तसं परत जेवायला शिकवलं. गुडघ्यावरच्या जाड डागाला जळवा लावल्या. रक्त पिऊन जळू गळून पडली की तिला हळदीच्या पाण्यात सोडून ओकायला लावायचे आणि परत मडक्यात ठेवायचे. "तिचंबी काम झालं, तिलाबी पथ्य," म्हणायचे.

मग घरी पाठवलं. अंघोळीला खैराच्या सालीचं पाणी, लावायला करंजाचं तेल. माझ्या आईनं त्यांच्यासाठी काळं घोंगडं विणलं, लाल काठाचं. औषधाचे पैसे त्यांनी घेतले न्हाईत, घोंगडं मात्र घेतलं. घडी कशी घालायची ते आईनं दाखवलं, उभी, काठ आत. अप्पांनी दोनदा चुकवून तिसऱ्यांदा बरोबर घातली.

दर पंधरवड्याला मी जायचो. ते माझं खाणं विचारायचे, मी सांगायचो, तेव्हा खरंच सांगायचो. फाल्गुनात पाठ स्वच्छ झाली. कोपरांवर फक्त गुलाबी ठसे राहिले.

चैत्राच्या जत्रेला मी परत उतरलो. तोच हौदा, तोच हणमंता. लोक कुजबुजायला लागले. हणमंता हात पुढं करेना. तेवढ्यात गर्दीतून अप्पा निघाले. सत्तरीचा माणूस, चार कोसांपेक्षा जास्त चालून आलेला. धोतर वर खोचून हौद्यात उतरले आणि माझ्यासमोर उभे राहून सलामीला हात पुढं केला.

लोक ओरडले, "अप्पा, कुस्ती धरता का?"

"धरतो की! म्हाताऱ्याला कुनी चीत करीत न्हाई, पापाला भितेत!"

मी त्यांचा हात धरला. त्यांनी माझी दोन्ही कोपरं आपल्या तळव्यांनी चोळली, हौद्यातली माती लागली होती ती तशीच, आणि तेच तळवे आपल्या तोंडावरून फिरवले, कपाळाच्या भस्मावरून, ओठांवरून. मग हणमंताकडं वळून म्हणाले, "मला उद्या महारोग झाला तर तू मला माती द्यायला ये. आता हात दे पोरा."

हणमंतानं खाली मान घालून हात दिला. मी त्याला सातव्या-आठव्या मिनिटाला चीत केला. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. त्या गर्दीत मला अप्पांचा फक्त पंचा दिसला, कडेला, ते खाली बसून दम घेत होते.

त्याच संध्याकाळी जिंकणाऱ्याला मानाचं जेवण होतं. राहुटीच्या मागं बोकडाचा रस्सा होता, आणि आमच्या भागात पैलवानानं रस्स्यावर दुधाची चरवी एका दमात रिकामी करायची असा मान. सगळे मला घेरून उभे. वर्षभर खांबापाशी बसवलेल्या माणसाला मधोमध बसवलं होतं. कुणी म्हणालं, "वैद्याला भितोस व्हय रे?"

मी त्यांच्या चिथवणीला बळी पडलो असं मी म्हणणार न्हाई. मला खायचं होतं. मी खाल्लं. मीठ जिभेला लागल्यावर डोळ्यांत पाणी आलं, इतकं बरं वाटलं. दूधही प्यालो. राहुटीच्या दुसऱ्या बाजूला, तीस पावलांवर, अप्पा आपली फडक्यातली अळणी भाकर खाऊन घरच्या वाटेला लागले होते.

पंधरा दिवसांनी गेलो. ओसरीवर बसलो. "जत्रेच्या दिशी काय खाल्लं?" अप्पांनी विचारलं.

"भाकर आन् मुगाचं वरण," मी म्हणालो.

त्यांनी जीभ दाखवायला सांगितलं. बघितली. माझ्या डोळ्यांकडं जरा जास्त वेळ पाहिलं. मला वाटलं, आता ओरडतील. पटलाला बोलले तसं काहीतरी बोलतील, सगळे हसतील, मीही हसेन आणि सुटेन.  त्यांनी नुसती तेलाची बुधली हातात दिली आणि ते आत गेले.

त्या दिवसापासून त्यांनी मला काय खाल्लं हे विचारणं सोडलं. पंचक्रोशीत एकट्या मला ते विचारत नव्हते. दर खेपेला मी वाट बघायचो. ते पावसाचं बोलायचे, मेंढरांचं विचारायचे, आणि समोर गौराक्का त्यांना अळणी वाढायची.

मला सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. पण अंगावर डाग न्हाई, घरात मीठ-मटण चाललेलं, काही होत न्हाई, मग मला वाटायला लागलं की म्हाताऱ्याचं पथ्य म्हणजे नुसती जिद्द. जिद्दीत आपण कमी आहोत का? मग मी जायचंच बंद केलं.

दसरा आला. मी गेलो न्हाई. जाऊन काय करणार होतो? सहा महिन्यांपूर्वी खाल्लेलं मीठ पहिल्यांदा खातोय असं दाखवत त्यांच्या ताटात घास घेणार होतो? तेवढं मात्र मला जमलं नसतं. खोटं बोलायला जमलं होतं, पण त्या ताटात जेवायला जमलं नसतं.

पौषात डाग परत आले. या वेळी डोक्यात, नखांतही. मी मानवतच्या बाजारात एका फिरत्या मलमवाल्याकडून काळं मलम घेतलं, त्यानं कातडी भाजली. पण अप्पांकडं गेलो न्हाई. माघात त्यांच्या गावचा एक माणूस मेंढरं बघायला आला. म्हणाला, "गौराक्कानं निरोप दिलाय. अप्पा अजून अळणीच खायलेत. दसऱ्याला दिवसभर ताट मांडून बसले व्हते. डाग आले असतील तर येऊ द्या म्हनावं, पर एकदा येऊन जा."

मी काय म्हणालो ते लिहितो. लिहायचंच नसतं तर बसलो कशाला. मी म्हणालो, "मी सांगितलं व्हतं का त्यांना मीठ सोडायला?"

त्या माणसानं ते जाऊन जसंच्या तसं सांगितलं असणार. परत निरोप आला न्हाई.

मी कुणाच्या पाया पडून माफी मागणाऱ्यांतला न्हाई, आता या वयात होणारही न्हाई. नंतर मी मीठ सोडलं, प्रायश्चित्त घेतलं, असलं काही केलं न्हाई. आजही खातो, जरा जास्तच. लग्न झालं, पोरं झाली. डाग आले, गेले, आले. बाही मात्र खाली राहिली. नातीला मी उद्या एवढंच सांगणार आहे, की डॉक्टर काय खाल्लं म्हणून विचारील तेव्हा खरं सांग.

अप्पांना मी त्यानंतर एकदाच पाहिलं. निजामी जायच्या आधीचं साल होतं, गावोगाव लोक सामान बांधून नातेवाइकांकडं निघाले होते. मी लोकरीचे गठ्ठे घेऊन पूर्णेच्या स्टेशनावर बसलो होतो, भर दुपारची वेळ. गठ्ठ्याआडून पाहिलं तर दहा पावलांवर अप्पा आणि गौराक्का. खाली आमचं काळं घोंगडं अंथरलेलं, लाल काठ विटलेला. अप्पा आणखी वाळले होते. गौराक्कानं फडकं सोडलं, भाकरी काढली, कागदाची पुडी उलगडून आपल्या भाकरीवर मीठ घेतलं. अप्पांपुढं नुसतीच ठेवली.

शेजारी दाढीवाले एक म्हातारे मियाँ बसले होते. त्यांनी पुडीकडं बोट करून विचारलं, "क्यूं अप्पा, नमक नक्को?"

अप्पा म्हणाले, "आत्ता नको. एक पैलवान यायचाय. त्याच्यासंगं घेनार हाय."

 गौराक्कानं पुडीची घडी केली, जपून, एक कण सांडू न देता, आणि पदराच्या गाठीत बांधली.

माझ्या हातात गठ्ठ्याची दोरी होती. ती मी सोडली न्हाई. नांदेडकडची गाडी आली. अप्पा उठले, घोंगडं झटकलं, उभी घडी घातली, काठ आत, माझ्या आईनं दाखवली होती तशी, आणि लेकीचा हात धरून डब्यात चढले.

गाडी गेल्यावर मी त्या जागेवर जाऊन उभा राहिलो. खाली भाकरीचा चुरा होता, मुंग्या आल्या होत्या. मी वाकून चिमूटभर चुरा उचलला आणि तोंडात टाकला. अळणी होता.